मिठाची बादली बदलताना

या अंकात रीफ टँकच्या, म्हणजे घरी कोरल (प्रवाळं) पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या, मिठाबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. पत्रं बहुतेक इंदूरची. इथून समुद्र लांब, त्यामुळे टँकमधला प्रत्येक लिटर समुद्र घरीच ड्रममध्ये तयार करावा लागतो. उत्तरं वाचताना चार आकडे हाताशी ठेवा. खऱ्या समुद्राच्या पाण्याची सॅलिनिटी (खारेपणा) ३५ पीपीटी (हजारात इतके भाग), अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, डीकेएचमध्ये मोजतात) ७ डीकेएचच्या आसपास, कॅल्शियम ४१० ते ४२० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि मॅग्नेशियम सुमारे १३०० पीपीएम असतं.

प्रश्न (रामबाग) : सम्प (टँकला जोडलेली खालची टाकी) धरून एकूण १८० लिटर पाणी आहे. आतापर्यंत १२ डीकेएच देणारं मीठ वापरत होतो, टँकची अल्कलिनिटी ९ वर असते. दोन महिन्यांपासून ॲक्रोपोराची (फांद्यांच्या कठीण कोरलची) टोकं पांढरी पडताहेत. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य येतं. आता ७.५ डीकेएचचं मीठ आणलं आहे. एकदम बदलू की जुनं-नवं मिसळत नेऊ?

उत्तर : तुम्ही दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलत असाल, तर सरळ नवं मीठ सुरू करा. कसं ते हिशेबानेच पाहा. टँक ९ वर आहे. १८ लिटर पाणी जुन्या मिठाचं, म्हणजे १२ चं घातलं की टँक ९.३ होतो. तेवढंच पाणी ७.५ चं घातलं की ८.८५ होतो. कोरलना दीड दशांशाचा फरक कळतही नाही. दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त बदल होऊ द्यायचा नाही, आणि ॲक्रोपोरा असेल तर अर्ध्यावरच थांबायचं, ही मर्यादा आहे. तिच्यापासून तुम्ही खूप अलीकडे आहात.

घोटाळा होतो तो मोठ्या बदलात, आणि विशेषतः उलट दिशेने. टँक ७.५ वर असताना कुणी १२ च्या मिठाने अर्धं पाणी बदललं, तर अल्कलिनिटी एका तासात ९.७५ वर जाते. दुसऱ्या दिवशी कोरल मिटलेली दिसतात आणि दोष मिठाच्या कंपनीवर जातो.

कोरडं मीठ कोरड्यात मिसळू नका. दोन्हींचे कण वेगवेगळ्या आकाराचे असतात, ते थरांत बसतात आणि प्रत्येक वेळी वाडग्यात काय आलं ते कळत नाही. मिसळायचंच असेल तर दोन्हींचं पाणी वेगळं तयार करून मग एकत्र करा.

लोक विसरतात ती गोष्ट डोसिंगची, म्हणजे टँकची अल्कलिनिटी टिकवायला वरून घालायच्या डोसची. जुनं मीठ दर आठवड्याला तुम्हाला ०.३ डीकेएच फुकट देत होतं. नवं मीठ ०.१५ काढून घेणार. म्हणजे टँक ९ वरच ठेवायचा असेल, तर आठवड्याला ०.४५ डीकेएच इतका डोस वाढवावा लागेल. १०० लिटरची अल्कलिनिटी १ ने वाढवायला खाण्याचा सोडा ३ ग्रॅम लागतो. तुमच्या १८० लिटरला ०.४५ साठी सुमारे अडीच ग्रॅम. सोडा म्हणजे शुद्ध सोडियम बायकार्बोनेट. केकची बेकिंग पावडर चालणार नाही, तिच्यात स्टार्च आणि आम्लाचे क्षार असतात.

पण तुमच्या टँकमध्ये ९ धरून बसण्याची गरज आहे असं आम्हाला वाटत नाही. नायट्रेट-फॉस्फेट शून्य आणि अल्कलिनिटी चढी, ही जोडी ॲक्रोपोराला सोसत नाही. अन्न कमी मिळतं, सांगाडा मात्र भराभर वाढतो, आणि टोकाची त्वचा मागे पडते. डोस न वाढवता दोन-तीन आठवड्यांत टँक आपोआप ८.५ च्या खाली येऊ द्या आणि ८ वर धरा. त्याच जोडीने खाणं थोडं वाढवून नायट्रेट २ ते ५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.०५ पीपीएमवर आणा. नुसतं मीठ बदलून टोकं सुधारणार नाहीत.

नव्या बादलीतलं पहिलं पाणी टँकमध्ये घालण्याआधी स्वतः मोजा : सॅलिनिटी, अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, याच क्रमाने. सॅलिनिटी आधी, कारण बाकी तिन्ही आकडे तिच्यावर टांगलेले असतात. एका मिठाचे लिटरला ३८ ग्रॅम घालून ३५ येतं, दुसऱ्याचं तेवढंच घालून ३३.५ येऊ शकतं, कारण प्रत्येकात धरलेलं पाणी वेगळं. जुन्या मिठाचं माप नव्याला लावलं की सगळेच आकडे कमी दिसू शकतात. आणि बदल चालू असताना पुढचे सहा आठवडे लाइट, कार्बन, स्किमर (फेसातून मळ काढणारं यंत्र) यांतलं काहीही बदलू नका, नाहीतर कशामुळे काय झालं ते सांगता येणार नाही.

कोणतं मीठ घ्यावं, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. रेड सीच्या काळ्या बादलीतलं कोरल प्रो १२ डीकेएचच्या आसपास जातं. इन्स्टंट ओशन १० ते ११, आणि ट्रॉपिक मरीनचं प्रो-रीफ ७ ते ८. टँक ज्या आकड्यावर ठेवायचा, त्याच्या जवळचं मीठ घ्या. आणि जे इंदुरात वर्षभर मिळेल ते घ्या. उत्तम मीठ जुलैत संपलं आणि हाताला लागेल ते घ्यावं लागलं, तर त्या उत्तमपणाचा उपयोग काय?

प्रश्न (सुदामानगर) : मीठ मिसळल्यावर पाणी दुधासारखं होतं, दुसऱ्या दिवशी ड्रमच्या तळाला पांढरा थर. अल्कलिनिटी १० ऐवजी ७ येते, कॅल्शियम मात्र जवळजवळ बरोबर. मीठ भेसळीचं आहे का?

उत्तर : ताई, आधी त्या पांढऱ्या थरावर पांढऱ्या व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसलं, तर तो चुनखडी आहे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. मीठ बरोबर होतं, मिसळताना बिघडलं. फसफसलं नाही आणि रंग मातकट असेल, तर मिठातला न विरघळणारा गाळ आहे, थोडा असतोच.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून चुनखडीच दिसते. १ डीकेएच बसताना सोबत फक्त ७ पीपीएम कॅल्शियम जातं. अल्कलिनिटी ३ ने उतरली, तर कॅल्शियम २१ नेच उतरणार, आणि ४४० चं ४२० आलेलं टेस्ट किटवर कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मिठाची तपासणी अल्कलिनिटीनेच करायची.

हे होतं कसं? मिठात कॅल्शियमचा क्षार आणि सोडा शेजारी-शेजारी कोरडे बसलेले असतात. ड्रममध्ये आधी मीठ टाकून वरून पाणी सोडलं, की तळाशी काही मिनिटं दाट रस तयार होतो आणि त्यात दोघांची गाठ पडते. एकदा बसलेली चुनखडी मग कितीही ढवळलं तरी परत विरघळत नाही. दुसरं कारण उष्णता. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, आणि चुनखडी गरम पाण्यात लवकर बसते. हीटर लावून मीठ मिसळलं तर हीटरच्या नळीवरच पांढरं कवच चढतं.

क्रम असा ठेवा. खाण्याच्या दर्जाच्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये २० लिटर आरओ पाणी, खोलीत ठेवून २४-२५ अंशांवर आलेलं. छोटा पंप चालू करून प्रवाह वरच्या दिशेने वळवा. तराजूवर ७६० ग्रॅम मीठ तोला, म्हणजे लिटरला ३८. कपाने मोजू नका. दमट मीठ कपात वेगळं बसतं. मूठ-मूठ करून पंधरा-वीस मिनिटांत घाला, आधीची मूठ विरल्यावरच पुढची. मग सॅलिनिटी पाहून थोडं पाणी किंवा थोडं मीठ. जास्त अल्कलिनिटीचं मीठ त्याच दिवशी वापरून टाका. कोरल प्रोसारखं मीठ तर चार तासांपेक्षा जास्त फिरवतच ठेवू नये. ७-८ डीकेएचचं मीठ झाकण लावून आठवडाभर टिकतं.

आत्ताचं दुधाळ पाणी फेकायची गरज नाही. निवळू द्या, वरचं काढून घ्या, १०० लिटरला ३ ग्रॅमच्या हिशेबाने सोडा घालून अल्कलिनिटी भरून काढा. २० लिटरला ३ डीकेएच म्हणजे १.८ ग्रॅम. सोडा वेगळ्या भांड्यात विरघळवून थेंबाथेंबाने सोडा, नाहीतर पुन्हा तेच होईल. ड्रम आणि पंप व्हिनेगरच्या पाण्यात तासभर ठेवले की स्वच्छ होतात.

प्रश्न (तिलकनगर, इयत्ता दहावी) : माझ्या रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वाकतो त्यावरून सॅलिनिटी दाखवणारं यंत्र) ३५ दिसतं, दुकानातल्या काकांच्या मीटरवर त्याच पाण्याचं ३३.५. कोण बरोबर?

उत्तर : बहुतेक काका. तू रिफ्रॅक्टोमीटर आरओ पाण्याने शून्यावर लावत असशील. बाजारातली बरीच स्वस्त यंत्रं साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असतात, समुद्राच्या पाण्यासाठी नाही. त्यांवर खऱ्या ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्याचं वाचन ३६.५ येतं. म्हणजे तू ३५ दिसेपर्यंत मीठ घातलंस, की खरं पाणी साडेतेहेतीसवर राहतं.

घरी करायची तपासणी अशी. आयोडीन नसलेलं शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, ३६.५ ग्रॅम, आणि आरओ पाणी ९६३.५ ग्रॅम. दोन्ही तोलून घे, पाणीसुद्धा तोलूनच. प्रकाश वाकवण्याच्या बाबतीत हे मिश्रण ३५ पीपीटी समुद्राच्या पाण्यासारखं वागतं. दोन थेंब काचेवर टाक, अर्धा मिनिट थांब, आणि स्क्रू फिरवून रेषा ३५ वर आण. साध्या स्वयंपाकघरी तराजूला अर्धा ग्रॅम कळत नाही, म्हणून शक्यतो शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर कर. तुझ्या रसायनशास्त्राच्या बाईंना आवडेल. हे मिश्रण फक्त रिफ्रॅक्टोमीटरसाठी. विजेच्या वहनावर चालणाऱ्या मीटरला वेगळं लागतं.

अल्कलिनिटीचं किटही असंच तपासता येतं : १ लिटर आरओ पाण्यात ३ ग्रॅम खाण्याचा सोडा, त्यातलं १०० मिली घेऊन पुन्हा आरओ पाण्याने १ लिटर कर. किटने १० दाखवायला हवं. ८.५ दाखवलं तर नवं किट आण, मीठ नको.

आणि उन्हाळ्यात रोज त्याच वेळी मोज. तुझ्या ६० लिटरमधून २ लिटर उडालं की ३५ चं ३६.२ होतं. उडतं ते फक्त पाणी, म्हणून भरायचंही नुसतं आरओ पाणी.

प्रश्न (राजवाड्याजवळून) : पावसाळ्यात अर्धी पिशवी दगडासारखी झाली. वापरावी का?

उत्तर : बोटाने दाबून ढेकूळ फुटत असेल, तर वापरा. हातोडी लागत असेल, तर सोडून द्या. मिठातला कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतो, त्या ओलीत सोड्याशी त्याची गाठ पडते आणि पिशवीतच चुनखडी तयार होते. असं मीठ विरघळतं, सॅलिनिटीही बरोबर दाखवतं, पण अल्कलिनिटी कमी येते. मधल्या अवस्थेतलं असेल तर १ लिटरचा नमुना करून अल्कलिनिटी मोजा. पिशवीवरच्या आकड्यापेक्षा १ पर्यंत कमी आली तर सोड्याने भरून काढा, त्याहून जास्त फरक असेल तर टँकमध्ये नको.

पुढच्या वेळी जूनच्या आधी मीठ रबरी वायसर असलेल्या झाकणाच्या बादलीत भरा, आणि ती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. उघडायच्या आधी बादली आडवी करून दहा-बारा वेळा लोळवा. गाडीच्या हिसक्यांनी जड कण तळाला गेलेले असतात, वरची आणि खालची मूठ सारखी राहिलेली नसते.

प्रश्न (सुखलिया) : घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी चालेल? नर्मदेचंच तर पाणी आहे.

उत्तर : नर्मदाकाठच्या जलूदहून येणारं पाणी पिण्यासाठी शुद्ध करून, क्लोरीन घालून सोडलेलं असतं. कोरलना क्लोरीनही नको आणि त्यातले विरघळलेले क्षारही नकोत. घरच्या आरओत चवीसाठी टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कंट्रोलर असतो. तो थोडं न गाळलेलं पाणी पुन्हा मिसळतो. त्यामुळे ४० ते ८० टीडीएस दिसतं. मेकॅनिककडून तो पूर्ण बंद करून घ्या, मिनरलचं कार्ट्रिज असेल तर त्याच्या आधीच नळी काढा, आणि शेवटी डीआय रेझिनचं (उरलेले क्षार पकडणाऱ्या मण्यांचं) एक भांडं जोडा. टीडीएस शून्य यायला हवं. २ च्या वर गेलं की रेझिन बदला.

४० टीडीएस म्हणजे किरकोळ वाटतं. पण रोज २ लिटर भरलं, तर महिन्याला जवळजवळ अडीच ग्रॅम क्षार टँकमध्ये जमतात, त्यांत नायट्रेट आणि सिलिकेटही येतात, आणि काचेवर तपकिरी साय धरू लागते. महिन्यातून चार-आठ दिवस तुमच्याकडे बोअरचं पाणी येत असेल, तर त्या दिवसांत टीडीएस मीटर रोज लावा. बोअरचं पाणी कठीण असतं, रेझिन लवकर संपतं, आणि त्याच आठवड्यात अल्कलिनिटी वर गेलेली दिसली तर ती मिठामुळे नसते.

प्रश्न (पत्ता नाही) : मुंबईहून येणाऱ्या गाडीतून समुद्राचं पाणी कॅनमध्ये आणता येईल का? किनाऱ्यावरचा कोरलचा एखादा तुकडाही?

उत्तर : तुकडा अजिबात नाही. रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेला तुकडा उचलणंही गुन्हाच. बाहेरून आलेली कठीण प्रवाळं साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत असतात आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यांची नोंदणी करावी लागते, म्हणून दुकानदाराकडून आयातीचे कागद घेऊनच घ्या. पाण्याचं म्हणाल, तर मुंबईच्या किनाऱ्याला खाड्यांचं गोडं आणि सांडपाणी मिसळलेलं असतं, पावसाळ्यात सॅलिनिटी खाली जाते. बंद कॅनमध्ये रस्त्यात त्यातले सूक्ष्म जीव मरून अमोनिया तयार होतो. शिवाय १०० लिटरचं वजन शंभर किलोच्या वर भरतं. तेवढ्यासाठी ३.८ किलो मीठ पुरतं.