लग्न थांबलं, त्यानंतरचं काम

सोलापूरच्या पूर्व भागातून एका आईंचं पत्र आलं आहे. त्या घरी विड्या वळतात, पती यंत्रमागावर आहेत, घरात तेलुगू बोलतात. मुलगी बारावीला, कला शाखेत. मागच्या वर्षी तिच्या वर्गमैत्रिणीचं लग्न ठरलं होतं. कुणीतरी १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन केला, अधिकारी आले, लग्न थांबलं. तेव्हापासून मुलीने मनाशी ठरवलंय की परदेशी संस्थेत जाऊन जगभरच्या मुलींना वाचवायचं. आई विचारतात, यात पोट भरतं का? गुंडांशी गाठ पडली तर? आणि पत्राच्या शेवटी लिहितात, ‘ती मैत्रीण मात्र कॉलेजात परत आलीच नाही.’

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली ही शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. लग्न एका दुपारीत थांबवता येतं. पण पुढे त्या घरी कोण जातं, वडिलांच्या डोक्यावरच्या कर्जाचं काय, पोरीला कॉलेजात परत कोण बसवतं, हे बघणारी माणसं कमी आहेत. तुमच्या लेकीने याच जागेसाठी तयार व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

बालन्याय कायदा २०१५ नुसार, जिचं लग्न लावून दिलं जाण्याचा धोका आहे अशी अल्पवयीन मुलगी ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ ठरते. तिला बालकल्याण समितीपुढे हजर करतात. मग सामाजिक कार्यकर्ती चौकशी करून पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल देते. त्यात लिहायचं असतं की घर कशावर चालतं, मोठ्या बहिणीचं लग्न कोणत्या वयात झालं, कॉलेज किती लांब आहे, आणि मुख्य म्हणजे मुलगी स्वतः काय म्हणते. मुलीला घरी पाठवायचं की बालगृहात ठेवायचं, हे ठरवताना समितीच्या हातात हाच कागद असतो. तो नीट लिहिणं हे शिकावं लागतं, नुसत्या कळवळ्याने जमत नाही.

आता तुमच्या घरच्या भाषेबद्दल. ही तुमच्या मुलीची फार मोठी जमेची बाजू आहे. लैंगिक अत्याचारापासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२ चा पोक्सो कायदा सांगतो की मुलाचा जबाब त्याच्याच शब्दांत नोंदवायचा, गरज पडली तर दुभाषा घ्यायचा, आणि जबाब घेणारे पोलीस गणवेशात नसावेत. आपल्या सोलापुरात पूर्व भागातलं लेकरू घाबरलं की तेलुगूत बोलणार, अक्कलकोटकडचं कानडीत. दुभाष्याच्या तोंडून आलेल्या वाक्यात लेकराचं अडखळणं, मध्येच गप्प होणं हरवून जातं. मराठी, तेलुगू, हिंदी येणाऱ्या मुलीने थोडं कानडी शिकून घेतलं, तर या जिल्ह्यात तिच्याइतकी उपयोगी कार्यकर्ती शोधावी लागेल.

गुंडांच्या भीतीबद्दल. छापा घालणं हे पोलिसांचं काम. कार्यकर्तीने तिथे एकटीने जायचं नसतं. शिवाय बहुतेक प्रकरणांत त्रास देणारा माणूस घरातला किंवा ओळखीचाच असतो. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगात ३७ कोटींहून अधिक मुली आणि स्त्रियांवर वयाच्या अठराव्या वर्षाआधी बलात्कार किंवा लैंगिक हल्ला झालेला आहे. हे रोज ऐकायचं म्हणजे मन थकतं. मला तुमच्या मुलीसाठी काळजी वाटते ती याची. म्हणून नोकरी घेताना तिने विचारावं, ‘अवघड केसनंतर मी बोलायचं कुणाशी?’ याचं उत्तर नसलेल्या संस्थेत जाऊ नये.

पगाराचं खरं सांगते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखाली जिल्हा बाल संरक्षण कक्षातली बरीच पदं कंत्राटी आणि मानधनावरची असतात. पक्की नोकरी हवी तर पदवीनंतर एमपीएससीतून बालविकास प्रकल्प अधिकारी किंवा पोलीस उपनिरीक्षक होता येतं. कायद्याची ओढ असेल तर बारावीनंतर सीईटी देऊन पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पण तुमचं पत्र वाचून मला समाजकार्य तिच्यासाठी जास्त योग्य वाटतं. टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूर केंद्र तुमच्यापासून तासाभरावर आहे, एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे. क्षेत्रकार्य, म्हणजे वस्तीत, संस्थांत जाऊन प्रत्यक्ष काम करणं, हा या शिक्षणाचाच भाग असतो, त्यामुळे हे काम आपल्याला झेपतं का ते तिला शिकतानाच कळेल.

परदेशाचं स्वप्न मोडू नका. मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्था बहुधा पदव्युत्तर पदवी आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव मागतात, आणि तो अनुभव इथेच मिळतो. कैलाश सत्यार्थींनी भारतात वेठबिगार मुलं सोडवता सोडवता १९९८ ची बालमजुरीविरुद्धची जागतिक पदयात्रा उभी केली. पुढच्याच वर्षी बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार आला, आणि २०२० पर्यंत आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सगळ्या सदस्य देशांनी तो मान्य केला. तुमच्या मुलीने आता इंग्रजी वाचायची सवय लावावी, तेवढं पुरे.

एक गोष्ट मात्र आजपासून पाळायला सांगा. मैत्रिणीचं नाव, फोटो, लग्न कसं थांबलं ती हकीकत इन्स्टाग्रामवर किंवा ग्रुपवर टाकायची नाही. अशा मुलांची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. त्यापेक्षा तिच्या घरी जावं. ती दहावी पास असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावीला बाहेरून बसू शकते.

आणि ताई, तुमच्याकडे विडी कामगाराचं ओळखपत्र असेलच. त्यावर केंद्राच्या कामगार मंत्रालयाची मुलांसाठीची शिष्यवृत्ती आहे, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात. कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे ना, ते आधी बघून घ्या.