बायॉप्सीतून निदान झालं नाही, आता पुढे काय?

तुम्ही लिहिलंय त्यावरून एवढं कळतं: यजमान ४६ वर्षांचे, फिट आली म्हणून एमआरआय केला, उजव्या फ्रंटल भागात कडेने चमकणारी गाठ दिसली, सुईने बायॉप्सी झाली आणि रिपोर्ट आला 'ग्लायोसिस, निश्चित निदान शक्य नाही'. एक डॉक्टर थांबा म्हणतात, दुसरे पुन्हा बायॉप्सी करू म्हणतात, आणि नातेवाईक म्हणतात, कॅन्सर नाही निघाला ना, मग झालं तर!

नातेवाइकांचं आधी निकालात काढू. 'कॅन्सर नाही' असं हा रिपोर्ट सांगत नाही. 'आहे' असंही सांगत नाही. ग्लायोसिस म्हणजे इजा झाल्यावर मेंदूच्या आधारपेशींनी दिलेली प्रतिक्रिया. ती ट्यूमरभोवती असते, गळवाभोवती असते, टीबीच्या गाठीभोवतीही असते. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: निदान का झालं नाही? त्याची कारणं मोजकी असतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो.

पहिलं कारण जागेचं. बायॉप्सीच्या सुईला बाजूने साधारण १ सेंटीमीटरची खिडकी असते आणि निघणारा तुकडा जेमतेम १-२ मिलिमीटर जाड. सुई कडेच्या बाहेर राहिली तर ग्लायोसिस मिळतो, मधोमध घुसली तर नुसता मेलेला भाग. बायॉप्सीनंतर सीटी स्कॅन झाला असेल तर त्यात बऱ्याचदा हवेचा बारीक बुडबुडा किंवा रक्ताचा ठिपका दिसतो, सुई नेमकी कुठे पोचली त्याची ती खूण. तो सीटी आणि आधीचा एमआरआय शेजारी लावून सर्जनना दाखवायला सांगा. यात संकोच नको.

दुसरं स्टेरॉइडचं. डेक्सामेथासोन (मेंदूची सूज उतरवणारं स्टेरॉइड) बायॉप्सीच्या आधी सुरू होतं का, किती दिवस? मेंदूतला लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) स्टेरॉइडने विरघळल्यासारखा आटतो आणि तुकड्यात काहीच सापडत नाही. अशा वेळी डॉक्टर स्टेरॉइड उतरवत नेऊन, एमआरआयवर लक्ष ठेवून, गाठ परत दिसल्यावर बायॉप्सी करतात. गोळी स्वतःहून एकदम बंद मात्र करायची नाही. सूज उसळते, आणि काही आठवडे चालू असेल तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं.

तिसरं कारण तपासणी अर्धवट राहण्याचं, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी हे तपासणं सगळ्यात स्वस्त पडतं. लॅबमधून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) दोन्ही मागून घ्या, पोच द्या आणि ब्लॉकचा नंबर रिपोर्टशी जुळवून पाहा. न्यूरोपॅथॉलॉजिस्ट (मेंदूचे तुकडे तपासणारे तज्ज्ञ) असलेल्या ठिकाणी रिव्ह्यूला द्या. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आहे. सोबत एमआरआयची सीडी हवी, नुसत्या फिल्म पुरत नाहीत. एक काळजी घ्या: ब्लॉक मशीनवर चढवला की दरवेळी थोडा भाग छाटण्यातच जातो. तीन लॅब फिरवलात तर तिसऱ्याला काही उरत नाही. लागतील त्या सगळ्या बिनरंगाच्या स्लाइड एकाच बैठकीत कापून घ्यायला सांगा.

रिव्ह्यूत आयडीएच१ चा डाग, म्हणजे त्या जनुकात बदल झालेल्या पेशींना रंगवणारी चाचणी, आधी बघतात. ग्लायोसिसमध्ये हा बदल नसतो. त्यामुळे तुरळक पेशी जरी रंगल्या तरी ग्लायोमा, म्हणजे आधारपेशींचा ट्यूमर, ठरतो. डाग निगेटिव्ह आला तर विषय संपत नाही, कारण तो नेहमीचा एकच प्रकार पकडतो. ५५ च्या आतल्या रुग्णात ग्लायोमाचा संशय असेल तर पुढे सीक्वेन्सिंग, म्हणजे जनुकाचं अक्षरन् अक्षर वाचन, करतात. २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात काही ट्यूमरचं नाव आणि ग्रेड जनुकीय तपासण्यांवरच ठरतात.

आता ट्यूमर नसण्याची बाजू. आपल्याकडे कडेने चमकणारी गाठ म्हटली की टीबी आणि न्यूरोसिस्टिसर्कोसिस (मेंदूत फीतकृमीच्या अळीने होणारी गाठ) यादीत असतातच. शिवाय मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण, झडण्याचा आजार. त्यात ते कडं पुष्कळदा अर्धवट, एका बाजूने उघडं असतं. छातीचा सीटी, एचआयव्ही आणि डॉक्टरांना सुरक्षित वाटलं तर पाठीतलं पाणी, एवढं झालंय का पाहा. 'टीबीची औषधं देऊन बघू' असा सल्ला आला तर किती आठवड्यांनी एमआरआय आणि काय दिसलं तर औषध बदलणार, हे लिहून घ्या. कारण निकाल दोन्हीकडून फसवतो: खरा टीबीही औषध सुरू झाल्यावर काही काळ वाढलेला दिसू शकतो, आणि सोबत स्टेरॉइड असेल तर लिम्फोमाही कमी होऊन टीबी बरा होतोय असं वाटतं.

पुन्हा बायॉप्सी ठरलीच तर आधी परफ्यूजन (रक्तप्रवाह दाखवणारा) एमआरआय, जमल्यास अमिनो आम्लाचा पेट स्कॅन, म्हणजे सर्वांत सक्रिय भाग निवडता येतो. साध्या एफडीजी (साखरेवर आधारलेल्या) पेटमध्ये निरोगी मेंदूही उजळतो, त्याचा उपयोग मर्यादित. सर्जनना दोन गोष्टी विचारा: ऑपरेशन चालू असतानाच तुकडा पॅथॉलॉजिस्टकडून पुरेसा आहे असं कळवून घेणार ना? आणि एक तुकडा फॉर्मॅलिनशिवाय, सलाइनमध्ये कल्चर (जंतू वाढवून बघणं) व जीनएक्स्पर्टसाठी (टीबीची जनुकीय चाचणी) जाणार ना? फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. ही चूक वारंवार होते. रक्तस्रावाचा धोका दुसऱ्यांदाही असतो. तुमच्या केसमध्ये किती, ते सर्जननीच सांगायचं.

थांबायचं ठरलं तर तारखेसकट थांबा. बहुधा ४ ते ८ आठवड्यांनी, त्याच मशीनवर, त्याच पद्धतीचा एमआरआय. 'बघू नंतर' चालणार नाही. त्याआधीच डोकेदुखी वाढली, सकाळी उलट्या, झोपाळूपणा, हातपाय लुळे पडणं असं दिसलं तर तारखेची वाट न बघता थेट इमर्जन्सी.

घरी डेक्सा खाण्यानंतर. दुसरा डोस असेल तर डॉक्टरांना विचारून दुपारी ४ च्या आत, नाहीतर रात्रभर डोळा लागत नाही आणि सगळे त्याला टेन्शन समजतात. साखर तपासत राहा. फिटच्या लेव्हेटिरासिटॅम गोळीने चिडचिड वाढू शकते. ती गाठीच्या माथी मारण्याआधी डॉक्टरांना सांगा, पण डोस चुकवू नका. फिट आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा नको, कांदा-चप्पल काही नको. ५ मिनिटांत थांबली नाही तर हॉस्पिटल. गाडी चालवणं बंद.

आणि फोन. रोज दहा जणांना तेच सांगून तुम्ही थकाल. दिरांना किंवा भावाला हे काम द्या, वाक्यही ठरवून द्या: 'तुकडा अपुरा होता, पुन्हा तपासणी चालू आहे, पुढची तारीख अमुक.' यजमानांना मात्र यातलं सगळं माहीत असू द्या. त्यांच्यापासून लपवलं, तर दुसऱ्या बायॉप्सीच्या संमतीपत्रावर सही करताना त्यांना ते अनोळखी नर्सकडून कळेल.