थंडीत जोडून सुट्टी आली की मुलांकडे कसं जावं, दोन्ही घरी की एकाच?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघं साठीच्या पुढचे, राहता पुण्यात. मुलगा धुळ्याला, मुलगी जळगावला, दोघांनाही लहान मुलं. २६ जानेवारीला जोडून तीन दिवस मिळताहेत, तर दोन्ही घरं करावीत का? आणि एवढ्या थंडीत आपली त्यांना अडचण तर होणार नाही?

एकच घर करा. दुसऱ्या घराला तिथेच बोलवा. मी भुसावळची, वय ६९. माझा मुलगा धुळ्यात बँकेत आहे, मुलगी फैजपूरजवळच्या खेड्यात दिलीय. तुम्ही करायला निघालेली चूक मी आधीच करून बसलेय, म्हणून सांगते.

२०२४ ला २६ जानेवारी शुक्रवारी आली होती. कोणालाच वाईट वाटायला नको म्हणून आम्ही बेत आखला. गुरुवारी संध्याकाळी धुळं गाठायचं, शनिवारी सकाळी निघून लेकीकडे, रविवारी रात्री घरी. एसटीचा खर्च तसा काहीच नाही. ह्यांना पंचाहत्तरी उलटल्यामुळे तिकीट फुकट, मला बायकांचं अर्धं. पैसे वाचले, बाकी सगळं हुकलं. शुक्रवारी नातू सकाळी झेंड्याला गेला आणि दुपारी मित्राच्या वाढदिवसाला. शनिवारी पारोळा, एरंडोल करत जळगाव, तिथे गाडी बदलली, भुसावळच्या स्टँडवर उतरलो, म्हणजे स्वतःच्या घरापासून दहा मिनिटांवर, आणि तिथून तिसरी गाडी धरली! लेकीच्या दारात पोचलो तेव्हा चार वाजले होते. हे खुर्चीत टेकले आणि तिथेच घोरायला लागले. रात्री नात माझ्याजवळ आली, तेव्हा सात वर्षांची होती, बॅगेच्या चेनवरून बोट फिरवत म्हणाली, "आजी, तू बॅग उघडलीच नाहीस?" खरंच नव्हती उघडली. अंगावरच्या साडीनिशी आणि वरच्या कप्प्यातल्या टॉवेलवर तीन दिवस काढले होते. तिच्यासाठी विणलेला स्वेटर तळाशीच राहिला आणि घरी परत आल्यावर सापडला. पुढच्या थंडीत तो तिला बाहीत आखूड झाला.

आता यंदाचा, २०२६ चा, हिशोब बघा. २४ तारीख महिन्यातला चौथा शनिवार, म्हणजे बँकवाल्यांना सुट्टी, पण बऱ्याच शाळा शनिवारी सकाळच्या भरतात. सोमवारी २६ ला मुलं पुन्हा सकाळीच गणवेश घालून झेंडावंदनाला. उरला मधला रविवार, तर त्या दिवशी रथसप्तमी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. सून म्हणा, लेक म्हणा, एकीकडे तरी बायका येणारच, आणि घरात तान्हं असेल तर बोरन्हाणही तेवढ्यातच उरकायचं असतं. म्हणून आधी फोन करा आणि जिच्याकडे हळदीकुंकू आहे तिच्याकडे उतरा. त्या दिवशी तिला हात कमी पडतात. तुम्ही सकाळपासून तिळगुळाच्या पुड्या बांधत बसलात तर तुमची अडचण कोणाला वाटेल?

एरवी मात्र होते अडचण, खोटं कशाला बोलू. चार माणसांच्या घरात सहा झाली की सकाळी गरम पाण्यावरून कुरकुर ठरलेली. मी दोन कामं स्वतःच्या नावावर करून घेतलीत. लसूण सोलणं आणि नातवाबरोबर झेंड्याला जाणं. बाकी स्वयंपाकघरात सून सांगेल तेवढंच. तिच्या डब्यांची जागा मी बदलत नाही, आणि "आमच्याकडे असं करतात" हे वाक्य तोंडापर्यंत आलं तर पाणी पिते. (वर्षातून एकदा सुटतंच.) ह्यांचं काम बोलणं. लेकीकडे जाताना फैजपूर आलं की १९३६ चं काँग्रेस अधिवेशन सुरू होतं. खेड्यात भरलेलं पहिलं, अध्यक्ष नेहरू, आणि तेही ऐन डिसेंबरात. नातीला आता सगळं तोंडपाठ आहे, ती मध्येच वाक्य पुरं करून टाकते आणि ह्यांना त्याचंच कौतुक.

थंडीचं म्हणाल तर धुळ्याची थंडी पुण्यासारखी नाही. हवा कोरडी, आभाळ स्वच्छ, उत्तरेचं वारं, त्यामुळे रात्री जमीन भराभर निवते. कृषी महाविद्यालयातला पारा सात-आठ अंशांवर उतरला तर धुळेकर मान वर करून बघतही नाहीत. आणि त्याच अंगणात दुपारी बाराला स्वेटर काढावा लागतो. म्हणून एका जाडजूड कोटापेक्षा एकावर एक घालायचे पातळ कपडे घ्या, कानटोपी घ्या, आणि गोधडी स्वतःची न्या. मुलांकडे जादा पांघरूण नसतं. असलं तर ते तुम्हाला देतात आणि स्वतः कुडकुडत झोपतात, सांगत नाहीत. बीपीची गोळी चालू असेल तर पहाटे फिरायचा हट्ट नको. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी चढतं. ऊन अंगणात येऊ दे, मग निघा.

आणि शेगडी. एका वर्षी मुलाच्या फ्लॅटवर मी हट्टाने कोळशाची शेगडी फुलवून झोपायच्या खोलीत ठेवली, खिडक्या गच्च लावून. तासाभरात माझं डोकं जड झालं, ह्यांना मळमळायला लागलं. सून पाणी प्यायला उठली होती, तिने सहज दार उघडून डोकावलं म्हणून निभावलं. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही की रंग नाही. आमच्या जुन्या घरात चालून जायचं, कारण कौलांच्या फटींतून रात्रभर वारा वाहायचा. शेकायचं तर अंगणात.

राहिलं दुसरं घर. त्यांना नुसतं "या" म्हणून कोणी येत नाही, "भरीत आहे" म्हटलं की येतात. जळगावहून धुळं गाडीने दोनेक तासांवर, सकाळी निघून संध्याकाळी परत जाता येतं. आम्ही आता दर हिवाळ्यात एक दिवस लेकीच्या शेतात जमतो. चंपाषष्ठीला चातुर्मासातली वांग्याची बंदी सुटते, तिथून खानदेशात भरताला जोर येतो तो थंडी सरेपर्यंत. वांगी बामणोदकडची, मोठी, हिरवट-पांढरी, आत बी जवळपास नाही. तेलाचा हात फिरवून टोचे मारायचे, नाहीतर आगीत फुटतात. गॅसवर भाजू नका. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, त्याची चव वेगळीच. साल काळी होऊन सुटली की सोलायची, आणि हे काम नातवंडांना द्यायचं. बोटं पोळतात, फुंकर मारतात, गालाला काजळी लागते, तरी हटत नाहीत. धुळ्याचा नातू शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून अहिराणी शिकलाय. "आजी, भूक लागी ऱ्हायनी" म्हणाला की लेवा बोलीवाली नात त्याची नक्कल करते, मग पऱ्हाट्यांच्या ढिगाभोवती पळापळ. जावई आणि मुलगा बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, मुसळाने वांगी कुटतात. दोघांचं एरवी फारसं बोलणं नाही, पण कुटताना आपोआप पाळी लावतात. मग तापल्या तेलात शेंगदाणे, लसूण, कुटलेली हिरवी मिरची, वरून भरपूर कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी. आमच्याकडे चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे काळे उडीद आणि मीठ घालून दळतात. पुण्याहून येताना पीठ आणायच्या भानगडीत पडू नका, लेकीला जळगावात सहज मिळेल.

धुळ्यात शेत कुठून आणू म्हणाल, तर मुलाच्या ऑफिसात विचारायला सांगा, कोणाचं ना कोणाचं निघतंच. दहा माणसांना पाच किलो वांगी धरा. भाजीवाल्याला शनिवारी संध्याकाळीच सांगून ठेवा, रविवारी दहानंतर ढिगात उरतात ती सगळी बियाळ.