जबल-ए-रहमतवर चढावंच लागतं का?

प्रश्न : अम्मीचं यंदा हजला नाव लागलंय. वय 67, दोन्ही गुडघे कामातून गेलेत. शेजारणी म्हणतात, अराफातचा डोंगर, म्हणजे जबल-ए-रहमत, चढला नाही तर हज अपुरा राहतो. तेव्हापासून तिला झोप नाही. खरं काय? – एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : बेटा, आधी अम्मींना सांग, आज निवांत झोपा. डोंगर चढणं फर्ज, म्हणजे बंधनकारक, नाही; सुन्नत, म्हणजे पैगंबरांनी घालून दिलेला प्रघात, तोही नाही.

फर्ज आहे तो वुकूफ, म्हणजे मक्केजवळच्या अराफात मैदानाच्या हद्दीत थांबणं. जिलहज या हजच्या महिन्याच्या 9 तारखेची दुपार कलली की तो सुरू होतो. हजमधल्या काही गोष्टी चुकल्या तर कुर्बानी देऊन भरपाई होते. अराफात चुकलं तर त्या वर्षीचा हजच गेला. म्हणून तर इस्पितळातल्या आजारी हाजींनाही त्या दिवशी अॅम्ब्युलन्समधून तिथे नेतात. 632 साली पैगंबरसाहेब (स.) स्वतः डोंगराच्या पायथ्याशी, खडकांजवळ उंटिणीवर बसून सूर्य बुडेपर्यंत दुआ करत होते. मी इथे थांबलो, पण सगळं अराफात थांबण्याची जागा आहे, असं त्यांनीच सांगितलं.

लक्ष ठेवायचं ते हद्दीवर. मोठाले पिवळे फलक लावलेत, ते बघून घ्या. नमिरा मशिदीचा पुढचा भाग हद्दीबाहेर येतो, तिथे नमाज झाली की आत यायला हवं.

मी 2017 साली गेले होते. आमच्या तंबूतल्या दोघी भर दुपारी डोंगराकडे निघाल्या. डोंगर जेमतेम 70 मीटरचा, पण ती गर्दी आणि ते ऊन! एकीला वाटेत चक्कर आली. परतल्या तेव्हा सूर्य खाली आलेला, दुआची सगळी वेळ वाटेतच गेली. फार रडल्या बिचाऱ्या. मला अजून हळहळ वाटते.

मी कडुनिंबाखाली बसले होते. हो, अराफातवर आपला कडुनिंब आहे, मुद्दाम लावलेला. शेजारी व्हीलचेअरवर एक म्हातारी. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून ज्यांनी ज्यांनी दुआ सांगितली त्यांच्या नावाने तिने घरूनच रुमालाला गाठी मारून आणल्या होत्या. एकेक नाव घ्यायची, हात उचलून दुआ मागायची आणि ती गाठ सोडायची. घट्ट बसलेली गाठ दातांनी सोडवायची. मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजच्या, सुमारास रुमाल मोकळा झाला, तो तिने डोळ्यांना लावला. डोंगराकडे तिने मान वळवूनही पाहिलं नाही.

तेव्हा व्हीलचेअरची सोय आत्ताच बघून ठेव. छत्री दे, पाणी दे. अराफातच्या दिवशी हाजी रोजा ठेवत नाहीत, घरच्यांनी ठेवायचा. तो तू ठेव. आणि अम्मींना माझा सलाम सांगून एक गाठ माझ्या नावाचीही मारायला सांग.