"माझा कोड सगळे बघतील, मग माझी लायकी कळेल!"

कोथरूडला माझ्याकडे समुपदेशनासाठी आयटीतली तरुण मुलं येतात ती बहुतेक वेळा झोपेची नाहीतर नोकरीची तक्रार घेऊन. बोलता बोलता मात्र आणखी एक भीती बाहेर येते. ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा, प्रकल्पाला कोड द्यायचाय, पण तो चारचौघांत तपासला जाणार या विचारानेच हात आखडतो. हे इतक्या जणांकडून ऐकलंय की आज त्यावर लिहितेच.

ओंकार (नाव बदललंय) हिंजवडीत नोकरी करतो. रोजच्या वापरातल्या एका लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) त्याला तारखांचा बग सापडला. त्याने तो दुरुस्त केला आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या' अशी विनंती, पाठवली. प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरच्या सात कॉमेंट आल्या, वर 'बदल हवेत' असा शेरा. ओंकारने लॅपटॉप मिटला आणि नंतर महिनाभर त्या पानाकडे फिरकला नाही.

"सगळ्यांसमोर नापास केलं, मॅडम."

"कोणाला?"

"मला. अजून कोणाला?"

पुढच्या भेटीला मी त्याला त्या कॉमेंट छापून आणायला सांगितल्या आणि मोठ्याने वाचायला लावल्या. 'या व्हेरिएबलचं नाव स्पष्ट हवं.' 'लीप वर्षाची टेस्ट जोडा.' 'हा बदल या बगशी संबंधित नाही, वेगळा पाठवा.' सातही वाचून झाल्या.

"आता मला दाखव, यात ओंकार कुठे आहे?"

तो कागद पुन्हा वरून खाली वाचू लागला. मी मुद्दाम काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने घाई केली की हातातलं निसटतं. "कुठेच नाही," तो म्हणाला आणि थोड्या वेळाने, "मग मला एवढं लागलं का?"

या प्रश्नासाठीच मी थांबले होते. सात कॉमेंट मेंटेनरच्या होत्या. 'तू नालायक आहेस' ही आठवी ओंकारने स्वतःच लिहिली होती आणि दुखत होती ती तेवढीच. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीवर माझं काम उभं आहे. कृतीला हवे तेवढे गुण द्या, माणसाला देऊ नका, हे तिचं सांगणं मला दरवेळी नव्याने पटतं.

मग त्याला गृहपाठ दिला: त्याच प्रकल्पातल्या सर्वांत जुन्या माणसाच्या मंजूर झालेल्या रिक्वेस्ट उघडून बघायच्या. पुढच्या वेळी तो दारातूनच सांगत आला, "मॅडम, त्यांच्या एकाच रिक्वेस्टवर एकोणीस कॉमेंट!" लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, तर सुधारून पाठवलेल्या पॅचवर (कोडमधल्या बदलावर) व्ही२, व्ही३ असा आवृत्तीचा क्रमांकच घालतात. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाठवणं ही तिथली रीतच आहे. त्याच आठवड्यात ओंकारने लीप वर्षाची टेस्ट लिहिली. त्याचा बदल मंजूर झाला. नंतरचा एक नाकारला गेला, तेव्हा त्याने कारण विचारलं आणि रात्री नीट झोपला. मला या झोपेचं कौतुक जास्त आहे.

तुमचंही असंच होत असेल तर आधी प्रकल्पाची योगदानाची नियमावली वाचा. नवख्यांसाठी 'गुड फर्स्ट इश्यू' अशी खूण केलेली कामं असतात, त्यातलं एखादं छोटं घ्या. कागदपत्रांतली चूक सुधारणं किंवा मराठी भाषांतर करणं हेही खरं योगदानच आहे. एका रिक्वेस्टमध्ये एकच बदल ठेवा. उत्तर आलं नाही तर अपमान समजू नका. अनेक मेंटेनर नोकरी सांभाळून, बिनपगारी हे काम करतात. एक-दोन आठवड्यांनी नम्रपणे आठवण करा.

कोणी खरोखरच तुमच्यावर घसरलं, तर ते मात्र सोसायचं नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीही सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या उद्धट वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही काळ कामातून बाजूला झाले. बऱ्याच प्रकल्पांची आचारसंहिता असते आणि तक्रार कुठे करायची तेही तिच्यात दिलेलं असतं. तिथे कळवा, आणि जमलंच नाही तर खुशाल दुसरा प्रकल्प निवडा.