साडेतीन वर्षांची लेक आणि दोन शाळा

प्रश्न: ताई, मुलगी साडेतीन वर्षांची आहे. दोन प्रायव्हेट शाळा बघितल्यात. एक मोठी, चकाचक, बोर्डावर मॉन्टेसरी लिहिलंय पण आत्तापासूनच लिहून घेतात. दुसरी छोटी, घराजवळ, नुसते खेळ आणि गोष्टी. मला दुसरी आवडलीय, पण नवरा म्हणतो ती मागे पडेल. काय करू?

उत्तर: अगं, मागे पडायची भीती आधी डोक्यातून काढ. या वयात बोटांत पेन्सिल नीट धरायची ताकदच पुरती आलेली नसते, ती येते माती मळून, मणी ओवून, कागद फाडून, म्हणजे जे ती छोटी शाळा करतेय तेच. ज्यांच्या नावावरून ही पद्धत आली त्या मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिली बालशाळा सुरू केली, तिथे मुलं साहित्य स्वतः निवडायची, आज मात्र हे नाव बहुतेक ठिकाणी कोणीही लावतं, म्हणून बोर्ड नको, वर्ग बघ.

दोन्हीकडे चालू वर्गात अर्धा तास बसू द्या म्हणून सांग. मी एकदा अशीच बसले होते, एका पिल्लाची चड्डी ओली झाली, बाईंनी काहीही न बोलता त्याचा हात धरून नेलं, बदलून आणलं, बाकीच्या मुलांना कळलंसुद्धा नाही. मला तेवढ्यावर शाळा कळली गं.

एका बाईंकडे किती मुलं आणि बाई टिकतात का, हे मात्र नक्की विचार. छोटी शाळा कितवीपर्यंत आहे तेही. मला विचारशील तर दुसरीच, पण जाताना नवऱ्यालाही ने.