गालांवरचे वांगाचे डाग क्रीम लावली की जातात, सोडली की परत येतात. कायमचा उपाय काय?

ताई, सगळ्यात आधी एक करा. ती क्रीमची ट्यूब हातात घ्या आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेली औषधांची नावं वाचा. चष्मा लागत असेल तर चष्मा लावून वाचा, नाहीतर मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघा. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग आले. जावेने मेडिकलमधून आणून दिलेली क्रीम लावली की पंधरवड्यात चेहरा उजळतो, बंद केली की डाग आधीपेक्षा गडद होऊन येतात, आणि हल्ली उन्हात गेलं की गाल चुणचुणतात. मी बी.फार्म. आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं मेडिकल आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे तुमचा चेहरा न बघता कुठलंही औषध सांगणार नाही. पण तुम्ही वर्णन केलेली क्रीम मागायला माझ्या काउंटरवर बायका रोज येतात, हल्ली कॉलेजची मुलंही येतात. त्यांना जे जीव तोडून सांगते तेच तुम्हाला सांगते.

त्या ट्यूबवर बहुतेक तीन नावं असतील. पहिलं हायड्रोक्विनोन, दुसरं ट्रेटिनॉइन आणि तिसरं मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन. हे तिसरं म्हणजे स्टेरॉइड. शेवटी 'सोन' किंवा 'लोन' असलेलं नाव मलमाच्या ट्यूबवर दिसलं की ते स्टेरॉइड असण्याची शक्यता फार मोठी असते. हे मिश्रण मुळात वाईट नाही. 1975 साली क्लिगमन आणि विलिस या दोन अमेरिकी डॉक्टरांनी अशा तीन औषधांचा मेळ मांडला आणि आजही त्वचारोगतज्ज्ञ वांगासाठी तो वापरतात. हायड्रोक्विनोन त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, ट्रेटिनॉइन वरचा थर लवकर बदलतं, आणि या दोघांमुळे होणारी जळजळ स्टेरॉइड दाबून ठेवतं. फक्त डॉक्टर ते मोजक्या आठवड्यांसाठी देतात, साधारण दोन महिने, रात्री, डागांपुरतं, आणि मग बंद करून दुसऱ्या औषधावर नेतात. आपल्याकडे तेच सकाळ-संध्याकाळ अख्ख्या चेहऱ्याला पावडरीसारखं वर्षानुवर्षं चोळलं जातं, कारण पहिल्या पंधरा दिवसांत आरशात फरक दिसतो आणि शेजारीण विचारते, काय लावतेस गं.

महिनोन्‌महिने स्टेरॉइड लावल्यावर चेहऱ्याची कातडी पातळ होते. गालांवर लाल बारीक शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, हनुवटीवर आणि ओठावर लव वाढते, ऊन सोसवत नाही. मग क्रीम थांबवली की चेहरा लाल होतो, आग होते, पू भरलेल्या पुळ्या येतात. बाईला वाटतं क्रीम सोडल्यामुळे झालं, म्हणून ती पुन्हा लावते, आणि लावल्यावर खरंच बरं वाटतं. सुटका होत नाही ती इथे. तुमचं 'उन्हात गाल चुणचुणतात' हे वाक्य वाचून मला याचीच काळजी वाटली. म्हणून ट्यूबवर स्टेरॉइडचं नाव सापडलं तर ती घाईने एका दिवसात कचऱ्यात टाकू नका, ट्यूब घेऊन डॉक्टरकडे जा. ते सौम्य मलमावर नेत नेत सोडवतात, लागलं तर पुळ्यांसाठी पोटातून औषध देतात. त्या काळात चेहरा थोडा बिघडेल, हे मनाची तयारी व्हावी म्हणून आत्ताच सांगते. तो सुधारतो, पण काही आठवडे ते काही महिने लागतात.

2018 साली केंद्र सरकारने 14 प्रकारची स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरीही ती सर्रास मिळतात हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. माझ्या व्यवसायातल्या लोकांना माझं हात जोडून सांगणं असतं की गिऱ्हाईक रुसून गेलं तरी चालेल, चिठ्ठी मागा.

आणि ट्यूबवर काही नावंच छापलेली नसतील तर? पार्लरमध्ये डबीत भरून मिळणारी, 'बाहेरून आलेली', सात दिवसांत गोरं करणारी क्रीम असेल तर ती आजच बंद करा. अशा क्रीममध्ये पारा असू शकतो. पारा रंगद्रव्य तयार होणं थांबवतो, म्हणून चेहरा झपाट्याने उजळतो, पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडं खराब करतो. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशा क्रीमने बिघडल्याची बातमी 2023 मध्ये वर्तमानपत्रांत आली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली तेव्हा तिच्यात भरमसाट पारा निघाला. अशी क्रीम लावत असाल आणि पायांवर सूज येत असेल किंवा लघवीला फेस होत असेल, तर स्किनच्या डॉक्टरच्या आधी लघवीतल्या प्रोटीनची तपासणी करून घ्या. साधी, स्वस्त तपासणी आहे.

आता मूळ डागांबद्दल. दोन्ही गालांवर सारखे, बाळंतपणानंतर आलेले तपकिरी डाग म्हणजे बहुधा वांगच. गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी चेकाळतात आणि ऊन त्यांना रोज खतपाणी घालतं. आई-मावशीला असेल तर आपल्यालाही येण्याची शक्यता जास्त. पुष्कळ जणींचे डाग बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपोआप फिके होतात, काहींचे राहतात. तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही ती विचारते: पाळणा लांबवायला गोळ्या घेता का? माला-डीसारख्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं आणि त्याने वांग वाढू शकतं. घेत असाल तर परस्पर बंद करू नका, बायकांच्या डॉक्टरांना डाग दाखवा आणि तांबीबद्दल विचारा, तिच्यात हार्मोन नसतं. ही एक गोष्ट बदलल्याशिवाय वरून कितीही लेप दिले तरी फरक टिकत नाही, असं मी दुकानात पुन्हा पुन्हा पाहिलंय.

'कायमचा उपाय' हे शब्द तुम्ही वापरलेत. वांगाला तसा उपाय नाही, आणि जो कुणी तसं सांगून पैसे घेतो त्याच्यापासून लांब राहा. वांग ताब्यात ठेवता येतं, खूप फिकं करता येतं, इतकं की तुम्हीच विसरून जाल. पण ऊन लागलं की ते परत डोकं वर काढतं. म्हणून मी सगळा जोर उन्हावर देते.

सनस्क्रीन. हे शहरातल्या मुलींचं नखरेल काम आहे असं आमच्या भागात अजून समजतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण शेतात, बाजारात, एसटी स्टँडवर उन्हात उभ्या राहणाऱ्या बाईला त्याची गरज सगळ्यात जास्त. एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा ट्यूबवर छापलेला आकडा, 30 किंवा त्याहून जास्त असलेली घ्या, वर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' किंवा पीए आणि पुढे अधिकची चिन्हं आहेत का बघा. एसपीएफ 30 आणि 50 मधला फरक लोकांना वाटतो तेवढा नाही, पहिलं साधारण 97 टक्के अतिनील ब किरणं अडवतं, दुसरं 98. खरा फरक पडतो तो किती लावता याने. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीची एकेक रेघ, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. वाटाण्याएवढं लावून काही होत नाही. या मापाने दिवसातून दोनदा लावलं तर 50 ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही. खर्च आहेच. पण फेशियल, ब्लीच आणि ऑनलाइन सीरमवर जाणारे पैसे थांबवले तर तो निघतो. उन्हात असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा, घाम पुसून.

वांगासाठी रंग असलेली सनस्क्रीन, म्हणजे दुकानात 'टिंटेड' म्हणतात ती, साध्या सनस्क्रीनपेक्षा जास्त उपयोगी. डोळ्यांना दिसणारा उजेडसुद्धा सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत रंग गडद करतो, साधी सनस्क्रीन तो अडवत नाही. टिंटेडमध्ये आयर्न ऑक्साइड असतं, ते बऱ्याच अंशी अडवतं. शिवाय डाग थोडे झाकले जातात, म्हणून बायका ती न चुकता लावतात, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. पुण्यात स्कूटरवरच्या मुली बांधतात तसा जाड स्कार्फ, टोपी, छत्री, पदर, काहीही वापरा. आणि खिडकीच्या काचेतून अतिनील अ किरणं आत येतात, तेव्हा बसमध्ये खिडकीशी बसलात म्हणून सुटका नाही. चुलीची आणि भट्टीची धगही काहींचं वांग वाढवते. भाकरी कुणी दुसऱ्याने कराव्यात असं म्हणणं सोपं आहे, पण निदान चेहरा आचेपासून लांब ठेवा आणि काम झाल्यावर गार पाण्याने धुवा.

लिंबू-हळद-बेसनाबद्दल तुम्ही विचारलंय. लिंबू चेहऱ्याला अजिबात लावू नका. त्याचा रस तीव्र आम्ल आहे, आणि त्याच्या सालीतली काही द्रव्यं उन्हाशी मिळाली की भाजल्यासारखे फोड येऊन नवे काळे डाग पडतात. खायचा सोडा आणि टूथपेस्टही लावू नका. दही-बेसन लावायला हरकत नाही, वांग त्याने जात नाही एवढंच. पण खसाखसा घासू नका. आपल्या त्वचेला कुठलीही जळजळ, ओरखडा, चिमटा झाला की मागे काळा डाग उरतो. मुरमं फोडल्यावर जे डाग राहतात ते याच जातीचे.

डॉक्टर कदाचित ॲझेलिक ॲसिड देतील, ते सावकाश काम करतं पण त्यात स्टेरॉइड नाही आणि गरोदरपणातही चालतं. सोबत कोजिक ॲसिड, नायसिनामाइड, व्हिटॅमिन सी अशी नावं ऐकाल. पुन्हा मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, म्हणजे ते ट्रेटिनॉइन टाळतील. ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या पाळीत जास्त रक्तस्राव होतो त्यासाठी असतात, वांगालाही त्यांचा उपयोग होतो हे खरं, पण हल्ली रील बघून मुली त्या परस्पर मागायला येतात. रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, आणि गर्भनिरोधक गोळ्यांसोबत घेतल्या तर आणखी वाढतो. चिठ्ठीशिवाय मुळीच घेऊ नका. लेझरची घाई तर नकोच. आपल्या रंगाच्या त्वचेवर जोरकस लेझर किंवा कडक पील, म्हणजे औषध लावून वरची कातडी सोलणं, केलं तर वांग उलट जास्त गडद होऊन बसतं.

एवढं सगळं धरूनसुद्धा डोळ्यांना फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. रोज आरशात बघून निराश होण्यापेक्षा महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला फोटो काढा. आणि डाग गेल्यावर तुमचा चेहरा तुमच्या दंडाच्या आतल्या बाजूच्या रंगाचा होईल, त्याहून गोरा नाही. त्याहून गोरं करणारी वस्तू दिसली की ट्यूब उलटी करून वाचा.

प्रत्येक काळा डाग वांग नसतो, हेही सांगायला हवं. मान मखमलीसारखी जाड आणि काळी पडली असेल, वजन वाढलं असेल, तर साखर तपासा. कपाळाच्या आणि कानांच्या कडेने काळसरपणा आला असेल तर केसांचा डाय किंवा काळी मेंदी थांबवून बघा. टिकलीच्या जागी पांढरं पडू लागलं तर तिच्या गोंदामुळे असू शकतं, टिकली लगेच बंद करून दाखवा. फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, किंवा एखादा तीळ वाढत असेल, रंग बदलत असेल, रक्त येत असेल, तर एक दिवसही थांबू नका.

स्किनचे डॉक्टर निवडताना पाटीवर एम.डी. (स्किन), डी.व्ही.डी. किंवा डी.डी.व्ही.एल. आहे का पाहा. खासगी परवडत नसेल तर जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये स्किनची ओपीडी असते, कुठल्या वारी ते आधी फोन करून विचारा. जाताना आजवर चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या आणि प्रत्येक किती महिने लावली ते कागदावर लिहून ठेवा. जावेलाही सोबत न्या, ती तीच क्रीम लावत असणार.